बाजारातील साक्ष आणि गृहस्थाचा धर्म

जबलपूरच्या जुन्या वस्तीत, दीक्षितपुऱ्यातील एखाद्या गल्लीत राहणाऱ्या मराठी गृहस्थाची कल्पना करावी. त्याने मोबाईलवरून मागविलेला प्रेशर कुकर घरी आला आहे. खोके उघडले, तेव्हा कुकराच्या पोटात शिटीच्या व रबराच्या पुडीशेजारी एक रंगीत कार्ड निघाले. त्यावर मजकूर असा की, आमच्या मालाला पाच तारे द्यावेत, चार शब्द स्तुतीचे लिहावेत, त्याचे चित्र खालील क्रमांकावर पाठवावे आणि दीडशे रुपयांची भेट स्वीकारावी. कुकर अद्याप गॅसवर चढलेलासुद्धा नाही. गृहस्थ सदाचारी आहे. एकादशी करतो, सायंकाळी गीतेचा अध्याय म्हणतो, कोणाचा पैसा बुडवीत नाही. तो कार्ड उलटसुलट पाहतो आणि मनाशी म्हणतो, "कुकर चांगलाच दिसतो आहे. उद्या वरण शिजेलच. मग आजच दोन शब्द लिहिले तर कोणाचे काय बिघडले?"

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. घराघरांत तो विचारला जातो, आणि बहुतेक वेळा कोणी मोठ्याने न विचारताच त्याचे उत्तर दिले जाते. त्याचा विचार शास्त्राच्या व व्यवहाराच्या अशा दोन्ही अंगांनी होणे अगत्याचे आहे.

जुन्या बाजारात ग्राहकाचे रक्षण त्याची स्वतःची इंद्रिये करीत असत. भांडे वाजवून पाहावे, तांदूळ दाताखाली धरावा, कापड उजेडात नेऊन त्याचा पोत पाहावा, आणि एवढे करूनही फसगत झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच पेढीवर जाऊन वाण्याला चार लोकांसमक्ष जाब विचारावा, अशी रीत होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात विक्रीविषयीचा एक निर्बंध आहे. एका जिनसेत दुसरी मिसळलेली, निकस, मापात कमी, अशी वस्तू विकू नये, हे तेथे सांगितले आहेच. परंतु त्याच श्लोकात दूर असलेली वा झाकून ठेवलेली वस्तूही विकू नये, असे म्हटले आहे. आजचा ऑनलाइन बाजार नेमक्या याच शेवटच्या निषेधावर उभा आहे. वस्तू शेकडो कोसांवरील गोदामात असते, विकणारा कोण हे कळत नाही, आणि ग्राहकासमोर असते ते केवळ चित्र. म्हणून नवा व्यापार अधर्म्य ठरवावा असे नाही. दूरच्या वस्तूच्या विक्रीतील धोका स्मृतिकाराला ठाऊक होता, एवढेच यावरून दिसते. तो धोका भरून काढण्यासाठी या बाजाराने ग्राहकाच्या हाती एकच साधन दिले आहे: आधी घेणाऱ्यांची साक्ष. डोळे, हात व नाक यांच्या जागी आता अनोळखी माणसाचा शब्द आला आहे.

शब्द हे ज्ञानाचे साधन होऊ शकते काय, याचा विचार आपल्या नैयायिकांनी फार खोलवर केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत आप्ताच्या उपदेशाला शब्दप्रमाण म्हटले आहे; आणि आप्त कोण, याचे उत्तर भाष्यकार वात्स्यायन देतात. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास कळवावी एवढ्याच इच्छेने जो बोलतो, तो आप्त. भाष्यकार पुढे असेही म्हणतात की, हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. किती उदार लक्षण आहे हे! कुळ, विद्या, ओळख यांतील काहीही त्यात अपेक्षित नाही. तंजावरच्या कोणा अनोळखी गृहिणीने "झाकणाचे रबर महिन्याभरात सैल झाले" असे लिहिले, तर दीक्षितपुऱ्यातील गृहस्थाला ती त्या विषयापुरती आप्तच होय. तिने पाहिले आहे, आणि सांगण्यात तिचा दुसरा हेतू नाही. या दोहोंपैकी एक जरी गेले, तरी तारे पाच असोत वा पन्नास, त्यांतून ज्ञान उत्पन्न होत नाही. जे उत्पन्न होते त्याला भ्रम म्हणतात.

हा भ्रम किती मोठा होऊ शकतो, याचे एक उदाहरण लंडन शहरात 2017 साली घडले. ऊबा बटलर नावाच्या लेखकाने आपल्या घरामागील एका लाकडी खोपटाला उपाहारगृहाचे नाव दिले, मित्रमंडळींकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले, आणि जेथे एकही पान वाढले गेले नव्हते ते खोपट प्रवाशांच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावर लंडनमधील पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह ठरले. त्याने हे थट्टेने केले आणि स्वतःच उघडे केले. धंदा म्हणून करणारे उघडे करीत नाहीत. त्यांच्या युक्त्याही सूक्ष्म असतात. अभिप्रायाखाली "खरेदीची खात्री झाली आहे" अशी खूण उमटावी म्हणून माल खरोखर विकत घ्यावयास लावतात आणि स्तुती छापून आल्यावर पूर्ण रक्कम मागील दाराने परत करतात. कधी अनोळखी पत्त्यावर हलकीसलकी पुडकी पाठवून त्या माणसाच्या नावाने स्वतःच स्तुती लिहितात. 2020 साली अमेरिकेत अनेक घरी न मागविलेली बियाण्यांची पाकिटे आली, तेव्हा तेथील कृषी खात्याला संशय आला तो याच प्रकाराचा.

जबलपूरच्या वाचकाला हे वाचताना आपल्याच गावाचे एक जुने प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ठगांच्या बंदोबस्ताचे मुख्य ठाणे येथे होते. कर्नल स्लीमनने माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या घेतल्या, आणि पुढे त्यांतील अनेकांना येथील उद्योगशाळेत तंबू व गालिचे विणण्याच्या कामाला लाविले. त्या वृत्तांतांत इंग्रजी राजवटीची अतिशयोक्ती किती, याविषयी इतिहासकारांत वाद आहे, आणि तो रास्तही आहे. पण त्यांत वर्णिलेली एक भूमिका विचार करण्याजोगी आहे. टोळीत गळ्याला रुमाल लावणारा निराळा, आणि वाटसरूला गोड बोलून टोळीत ओढणारा निराळा. या दुसऱ्याला ठगांच्या बोलीत 'सोठा' म्हणत. सोठा दरोडेखोराच्या वेषात येत नसे. तोही वाटसरूच असे. तो म्हणे, पुढचा रस्ता धोक्याचा आहे, एकट्याने जाऊ नये, आपण बरोबर जाऊ. वाटसरूने त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण तो आपल्यासारखाच दिसत होता. खोटा अभिप्राय लिहिणारा हेच करतो. विक्रेत्याच्या जाहिरातीवर ग्राहक सावधपणे विश्वास ठेवतो. पण "मीसुद्धा तुमच्यासारखाच, पैसे मोजून घेणारा" असे म्हणणाऱ्यापाशी त्याची सावधगिरी गळून पडते. दीडशे रुपयांसाठी स्तुती लिहिणाऱ्या गृहस्थाला आपण ठगाच्या टोळीत आहो असे स्वप्नातही वाटत नसते, आणि ठगाची क्रूरता त्याच्या ठायी नसतेही. तथापि टोळीत त्याला दिलेले काम सोठ्याचेच आहे.

येथे कोणी म्हणेल की, कुकर खरोखरच चांगला निघाला तर लिहिलेले असत्य कसे? महाभारतातील द्रोणपर्वाचा प्रसंग या आक्षेपासाठीच जणू सांगितला आहे. मालवराज इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने मारला आणि अश्वत्थामा पडल्याचे द्रोणांना ओरडून सांगितले. द्रोणांनी भीमावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी विचारले ते युधिष्ठिराला. कारण तिन्ही लोकांच्या राज्यासाठीही हा खोटे बोलणार नाही, अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिर बोलला ते अक्षरशः पाहिले तर पूर्ण असत्य नव्हते. हत्ती मेला होता, आणि हत्तीचा उल्लेखही त्याने केला, फक्त ऐकू न जाईल असा. परंतु चार अंगुळे भूमीच्या वर राहणारा त्याचा रथ त्या क्षणी भूमीला टेकला. असत्याचे माप ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरावे अशी योजना होती, यावर ठरते. आणि या कथेत दुसरेही एक मर्म आहे. भीमाच्या आरोळीने जे साधले नाही त्यासाठी सत्यवादी माणसाचे तोंड लागले. आजचा लबाड विक्रेता दीडशे रुपये देतो ते शब्दांसाठी नव्हे. शब्द तर तो स्वतः हजारो लिहू शकतो. तो विकत घेतो ते त्या गृहस्थाचे आजवरचे निर्मळ नाव.

कार्डावर या रकमेला 'भेट' म्हटलेले असते. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे; पण त्या राजस दानातही निदान दान असते. येथे मोबदला आधी ठरलेला आहे, म्हणून ही भेट नसून मजुरी होय, आणि काम आहे जीभ भाड्याने देण्याचे. त्याच अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे: उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे. आचार्यांनी भाष्यात स्पष्ट केले आहे की, ही विशेषणे एकत्र असली पाहिजेत. एकही गळले तर ते वाङ्मय तप नव्हे. पाच ताऱ्यांचे बोलणे विक्रेत्याला प्रिय आहे, कोणाला उद्वेग करीत नाही. मात्र पुढच्या ग्राहकाचे हित त्यात नाही आणि सत्याचा तर अनुभवच अजून आलेला नाही.

आतापर्यंतचे प्रकरण तुलनेने सोपे आहे. अवघड प्रकरण प्रामाणिक विक्रेत्याचे आहे, आणि त्याला बगल देऊन केलेला उपदेश पोकळ ठरेल.

त्याच गल्लीत एक विधवा भगिनी थालिपीठाची भाजणी व मेतकूट करून ऑनलाइन विकते, असे समजू. माल उत्तम, धान्य निवडून भाजलेले, वजन चोख. परंतु तिच्या नावापुढे अभिप्राय आहेत तीन. शेजारच्याच पानावर कोणा निनावी कारखान्याची भाजणी आहे आणि तिला अभिप्राय आहेत तीन हजार. ग्राहक तीन हजारांकडे वळतो, आणि यंत्रही ज्याच्याकडे गर्दी त्यालाच वर चढविते. पुतण्या येऊन सांगतो, "काकू, आपल्या नात्यातले वीस जण सहज लिहितील. त्यांनी तुमची भाजणी लहानपणापासून खाल्ली आहे. खोटे एक अक्षर लिहायला नको." काकूंना पोटापाण्याची चिंता आहे. त्यांनी काय करावे?

वात्स्यायनांची पहिली कसोटी येथे पूर्ण उतरते: नातेवाइकांनी वस्तू साक्षात जाणली आहे. दुसरी मात्र डळमळते. मनुस्मृतीच्या त्याच आठव्या अध्यायात साक्षीस अपात्र कोण याची गणना आहे. ज्याचा त्या व्यवहारात अर्थसंबंध आहे तो, साहाय्यक, वैरी, आणि गंमत अशी की, त्यात आप्तही आहेत. मराठीत आपण नातलगाला आप्त म्हणतो ते याच अर्थी. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन अर्थांत हा सारा प्रश्न सामावला आहे. न्यायशास्त्राचा आप्त विश्वसनीय, स्मृतीचा आप्त साक्षीस अपात्र. स्नेही माणूस खोटेच बोलतो असे स्मृतिकाराला म्हणावयाचे नसावे. स्नेहामुळे त्याला स्वतःलाच खरे दिसत नाही, हे त्याने ओळखले होते. काकूंच्या भाजणीत धणे अंमळ जास्त पडतात, हे पुतण्याला कधीच कळणार नाही, कारण त्याच्या लेखी भाजणीची चव म्हणजे तीच.

म्हणून नातलगांनी लिहू नये काय? लिहावे; पण आपण नातलग आहो हे पहिल्या ओळीत सांगून लिहावे. मग वाचणारा त्या शब्दाचे वजन आपल्या तराजूत करील. पुतण्याची योजना सदोष होते ती स्तुतीमुळे नव्हे, नाते झाकल्यामुळे. अशा उघड्या साक्षीला बाजारात किंमत थोडी येईल, आणि काकूंची विक्री काही काळ, कदाचित पुष्कळ काळ, तीन हजारवाल्याच्या मागे राहील. सत्याने वागले की धंदा आपोआप भरभराटतो, अशी हमी गीतेने कोठेही दिलेली नाही.

या ठिकाणी अठराव्या अध्यायातील एका वचनाचा नेहमी दुरुपयोग होतो. सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये, कारण धुराने अग्नी वेढलेला असतो तसे सर्व आरंभ दोषाने वेढलेले असतात, असा त्या श्लोकाचा भाव आहे. आणि त्याच अध्यायात वाणिज्य हे स्वभावजन्य कर्मांत गणले आहे. व्यापारी म्हणतो, "धंद्यात थोडा धूर असायचाच." परंतु अग्नीचा धूर वेगळा आणि डोळ्यांत फेकलेली धूळ वेगळी. धान्य दळताना किडामुंगी मरते, माल आणताना बैल शिणतो, एकाला नफा होतो तेव्हा दुसऱ्याचे गिऱ्हाईक तुटते. हे दोष कर्मासोबतच जन्मतात, कर्म राहील तोवर राहतात. खोटी साक्ष तशी नाही. ती वगळली तरी भाजणी भाजली जाते, विकली जाते. जे काढून टाकले तरी कर्म अबाधित राहते, त्याला सहज दोष म्हणता येत नाही. शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. जटेत पक्ष्यांनी घरटे केले तरी तो हलला नाही आणि त्याला तपाचा गर्व झाला. तेव्हा आकाशवाणीने त्याला धर्म शिकावयास काशीच्या तुलाधार वाण्याकडे पाठविले. तुलाधार रस, गंध, औषधी विकीत असे. आपण दुसऱ्याकडून घेतो आणि कपटावाचून विकतो, आपली तुला सर्व भूतांना समान आहे, एवढेच त्याचे तप. त्याच्यापाशी किती गिऱ्हाइके होती, हे व्यासांनी सांगितलेले नाही.

राजसत्तेनेही या विषयात आपले कर्तव्य थोडेफार ओळखले आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 साली झाला आणि त्याखालील ई-कॉमर्सचे नियम जुलै 2020 मध्ये निघाले. विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहू नये, असे त्यांत स्पष्ट शब्दांत आहे. तक्रार पोचल्याचे 48 तासांत कळवावे व एका महिन्यात तिचे निवारण करावे, असेही आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. 19000 हे अभिप्रायांविषयीचे मानक जाहीर झाले. तेव्हा ते ऐच्छिक होते. अमेरिकेत खोटे अभिप्राय विकणे व विकत घेणे यांना बंदी करणारा नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला. पण कायद्याचा हात कार्डाच्या कागदापर्यंत क्वचितच पोहोचतो. पोहोचला तेव्हा काय दिसले, ते कुकराच्याच एका प्रकरणात पाहावे. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन मंचाला 1 लाख रुपये दंड केला. सक्तीच्या मानकाला न उतरणारे 2,265 प्रेशर कुकर त्या मंचावरून विकले गेले होते, आणि ते परत घेऊन पैसे परत करावेत असा आदेश झाला. कुकराची सुरक्षा-झडप वेळेवर उडेल की नाही, हे कोणत्याही ताऱ्यात दिसत नाही. ते दिसते भांड्यावरील आय. एस. आय. चिन्हात आणि त्याखालील आय. एस. 2347 या क्रमांकात. 'वरण छान शिजले' ही साक्ष खरी असूनही तेथे अपुरी पडते. न शिजविता दिलेली साक्ष तर एखाद्या परक्या स्वयंपाकघरात वाफेचा स्फोट घडवून आणू शकते.

फसल्यावर मौन धरणाऱ्यांविषयीही दोन शब्द हवेत. सभ्य माणसे बहुधा गप्प बसतात. काही लाजेने, काही 'कशाला कोणाचे वाईट लिहा' म्हणून. तुकोबांच्या चरित्रात सांगतात की, कोकणात मिरच्या विकून परत येताना एका भामट्याने त्यांना सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी सोन्याची म्हणून दिली. महाराष्ट्राने ही गोष्ट लपविली नाही; फसणाऱ्यात कमीपणा नसतो. सौजन्याच्या नावाखाली धरलेले मौन पुढच्या वाटसरूला सोठ्याच्या स्वाधीन करते. अर्थात रागाच्या भरात न घेतलेल्या मालाला एक तारा देणे, किंवा स्पर्धकाच्या पानावर विष ओतणे, ही तीच खोटी साक्ष होय. फक्त तिच्यामागे लोभाच्या जागी क्रोध आहे.

आणि जे पोटासाठी तारे देण्याची मजुरी पत्करतात, त्या तरुणांची कथा तर अधिकच करुण आहे. 'घरबसल्या रेटिंग द्या, पैसे मिळवा' असा निरोप मोबाईलवर येतो; आरंभी शे-दोनशे रुपये खरोखर मिळतात; नंतर मोठ्या कामासाठी अनामत भरावयास सांगतात आणि भरलेली रक्कम परत येत नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने अशा फसवणुकीची शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली. खोटी साक्ष देण्यासाठी बोलाविलेला मुलगा स्वतःच लुटला जातो, आणि घरी सांगण्याचीही त्याला सोय उरत नाही, कारण मग आपण काय काम पत्करले होते तेही सांगावे लागते. अशा मुलाला रागावण्याआधी 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास वडिलांनी त्याच्याबरोबर बसावे.

दीक्षितपुऱ्यातील गृहस्थाने कार्ड खिडकीत ठेवले. प्रथम त्याने कुकर उलटा करून चिन्ह व क्रमांक पाहिला. मग महिनाभर घरात वरण, भात, बटाटे शिजले. महिन्यानंतर त्याने लिहिले: "भांडे जाड आहे, मानकाचे चिन्ह आहे. शिटी उशिरा होते. दांड्याचा स्क्रू तीन आठवड्यांत ढिला झाला, घरी आवळला. खोक्यात पाच ताऱ्यांसाठी पैसे देऊ करणारे कार्ड होते; ते घेतलेले नाहीत." तारे किती द्यावेत यावर घरात थोडा वाद झाला. पत्नीचे म्हणणे तीन पुरेत. शिटीचा ताप तिला होता. शेवटी तिचेच प्रत्यक्ष प्रमाण मानून तीन दिले.